दोनशे बारा नंबरची बंद पुडी

मी एक जुनी, वाळलेली, कागदाला चिकटवलेली ट्युलिप आहे. हसलात ना मित्रांनो? हसा, मला सवय आहे. तुमच्याकडे फूल सकाळी आणतात आणि दुसऱ्या दिवशी निर्माल्यात टाकतात, त्यामुळे फूल जुनं होतं हे तुम्हाला पटायचं नाही. मी मात्र साठ वर्षांच्या वर अशीच पडून आहे. मान डावीकडे, एक पान मुडपलेलं, आणि अंगावर कागदाच्या चार पट्ट्या, जागची हलू नये म्हणून. मान मी स्वतः वळवलेली नाही. ती कुणीतरी वळवली, आणि तेव्हापासून मी एकाच बाजूला बघतेय.

माझा आत्ताआत्तापर्यंतचा पत्ता सांगते. किर्गिझस्तानातल्या एका शहरात वनस्पतींचा एक जुना संग्रह आहे. त्याचा दुसरा मजला, चौदावं कपाट, वरून तिसरा खण. आत अंधार आणि डांबरगोळ्यांचा वास. शेजारीपाजारी म्हणाल तर माझ्यावर एकवीस कागद आणि खाली अठरा, प्रत्येकावर एकेक वाळकी ट्युलिप. वर्षातून एकदा दार उघडलं तर उघडलं. आणि उघडलं, तरी आपलंच फोल्डर बाहेर निघेल याची काय खात्री?

पण माझा जन्म काही कपाटात झालेला नाही. मी उलार-तोरची. डोंगराच्या कुशीत अगदी वर, जिथे उन्हाळ्यात मेंढपाळ आपले गोल तंबू लावतात, तिथली. ट्युलिपला बी रुजल्यापासून फूल यायला किती वर्षं लागतात ठाऊक आहे? मला सात लागली. सात वर्षं मी जमिनीखाली नुसती कंद होऊन बसले. दर वसंतात एखादं पान वर काढायचं, थोडं ऊन खायचं आणि परत खाली जाऊन निजायचं. वर मेंढ्या चरायच्या, मांजराएवढे गुबगुबीत मार्मोट बिळं उकरायचे, आणि मी आपली मातीत गुपचूप जाड होत होते.

आता एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, कारण माझं सगळं आयुष्य तिच्यावरच अडलं. कंदाला साल असते. तपकिरी, पातळ, कांद्याच्या सालीसारखी. ट्युलिपची खरी ओळख पटते ती या सालीच्या आतल्या बाजूने. फुलांचं काय घेऊन बसलात, डोंगरातल्या निम्म्या ट्युलिप पिवळ्याच असतात. पण साल आतून कुणाची गुळगुळीत, कुणाच्या टोकाला चार केस, तर कुणाची आणखी काही. माझी साल आतून लोकरीने गच्च भरलेली होती. दाट, पिंगट, मऊ लव. उलार-तोरला थंडीच तशी पडते.

सातव्या वर्षी मी फुलले. काय सांगू मित्रांनो! पिवळीधमक पाकळी, पाठीवर तांबूस झाक, आणि समोर सगळा डोंगर. चार दिवस मी वाऱ्यावर मान डोलवली. चौथ्या दिवशी साकिना आली.

साकिना बावीस वर्षांची होती. उलार-तोरच्याच मेंढपाळांची लेक, शहरात वनस्पतिशास्त्र शिकायला गेलेली आणि सुट्टीत शोधमोहिमेबरोबर आपल्याच डोंगरात परत आलेली. तिने गुडघे टेकले, लांब पात्याची सुरी मातीत घातली आणि मला कंदासकट वर काढलं. हात हलका होता तिचा, हे मी कबूल करते. पण उपटलं ते उपटलंच.

तंबूपाशी चुलीवर किटली उकळत होती. ट्युलिप भारी चिवट असते. तिला तशीच कागदात दाबली तर ती दाबातही महिनाभर जिवंत राहते, कंदातलं पाणी पीत फुलत राहते. म्हणून या लोकांची रीत अशी, की दाबण्याआधी कंद उकळत्या पाण्यात धरायचा. साकिनाने वाडग्यात पाणी ओतलं आणि माझा कंद त्यात बुडवला. झालं. माझं जगणं तिथे संपलं आणि अडकणं सुरू झालं.

कंद इतका जाड, की दाबायच्या लाकडी फळ्यांमध्ये बसेना. तिने तो उभा चिरला, वरची साल सोलली, आणि टाकून न देता कागदाची छोटी पुडी करून तिच्यात जपून ठेवली. पुडीवर पेन्सिलने नंबर घातला, दोनशे बारा. मग मला टीपकागदांमध्ये निजवलं, माझी मान वळवली आणि वरून फळी ठेवून पट्टे आवळले.

मोहिमेचे प्रमुख होते मोल्दोबाय. सगळे त्यांना ‘आगाय’ म्हणायचे, म्हणजे गुरुजी. माणूस देवासारखा, पण त्या दिवशी घाईत होता. तिकडे दुपारनंतर बर्फ वितळून नदीला पाणी चढतं, आणि एकदा चढलं की घोडीही पाय घालत नाहीत. ते फळ्यांमधले नमुने भराभर उलटून पाहत होते आणि साकिना त्यांच्या सांगण्यावरून चिठ्ठ्या लिहीत होती.

"दोनशे बारा. साधी पिवळी ट्युलिप," आगाय म्हणाले. "पुढचा."

"आगाय, ही वेगळी वाटते," साकिना म्हणाली. "आमच्याकडे हिला लोकरीची म्हणतात. साल पुडीत ठेवलीय, एकदा बघा ना."

"वेगळी? फूल पिवळं, पाठ तांबूस, पानं तीन. तुमच्या उलार-तोरचं सगळंच वेगळं असतं बाई! परवा तो म्हातारा सांगत होता, तुमच्या शेळ्यासुद्धा वेगळ्या."

घोडेवाले खो खो हसले. साकिनाचे कान लाल झाले.

"पण आगाय, साल..."

"साकिना, नदी माझ्यासाठी थांबणार आहे का? लिही. साधी पिवळी."

मोठ्या माणसाला दुसऱ्यांदा उलटून बोलायची या लोकांत रीत नाही. त्यातून गुरुजी, आणि तेही चारचौघांत. साकिनाने मान खाली घातली आणि लिहिलं. तारीख लिहिली, एकसष्ट सालची. जागा लिहिली, उलार-तोर, उतारावर, पाझराजवळ. फुलाचा रंग लिहिला, कारण वाळल्यावर रंग राहत नाही. खाली स्वतःचं नाव लिहिलं. आणि सगळ्यात वर, ठळक अक्षरांत, दुसऱ्याच कुणाचं तरी नाव माझं म्हणून लिहिलं.

मी ओरडले असते. पण माझ्या तोंडावर टीपकागद होता.

शहरात आल्यावर मी कागदावर नमुने चिकटवणाऱ्या ग्लाफिराच्या हाती पडले. ही बाई स्वभावाने सढळ, आणि गोंदाच्या बाबतीत तर फारच. खरं तर पुडी अशी चिकटवायची, की तिचं तोंड वर राहील आणि हवी तेव्हा उघडता येईल. ग्लाफिराने गप्पांच्या नादात माझी पुडी उलटी ठेवली आणि तोंडाच्या बाजूने गोंद थापून दाबून टाकली. कायमची बंद! आणि संग्रहाचा नियम असा, की नमुन्याला संचालकांच्या परवानगीशिवाय सुरी लावायची नाही. म्हणजे बघा, मी कागदात अडकलेली, आणि माझी ओळख माझ्याच शेजारी पुडीत अडकलेली. बोटभर अंतर, पण साठ वर्षांत ओलांडता आलं नाही.

मग चौदावं कपाट. फोल्डरवर लिहिलेलं होतं ‘साधी पिवळी ट्युलिप’. आत गेल्या गेल्या खालच्या कागदावरची अठ्ठेचाळीस सालची म्हातारी कुजबुजली, "ही कुठली गं? आपल्यातली दिसत नाही." मी म्हटलं, मी तरी कुठे म्हणते? पण चिठ्ठीपुढे आमचं कोण ऐकतो!

वर्षं गेली. सुरुवातीला थोडं कौतुक झालं. शाळेची मुलं यायची, मग मला बाहेर काढून दाखवायचे, "ही बघा, साधी पिवळी, आपल्या डोंगरात कुठेही सापडते." कुठेही! मला असा संताप यायचा म्हणून सांगू. पुढे मुलं येईनाशी झाली. देश बदलला, शहराचं नाव बदललं, हिवाळ्यात खोल्या तापवणाऱ्या नळ्यांमधलं गरम पाणी बंद झालं आणि छत गळायला लागलं. एकदा एक किडा आत शिरला आणि माझी अर्धी पाकळी खाऊन गेला. मला पळता येत नाही, हाकलता येत नाही. कुणी खातंय आणि आपण बघत पडलोय, एवढंच.

त्याच वाईट काळात बुरुल नावाची बाई संग्रह सांभाळायला आली. तिखट जिभेची, पण कामाला वाघीण. गळतीखाली बादल्या लावणारी तीच, किडे मरावेत म्हणून आमचे गठ्ठेच्या गठ्ठे कडाक्याच्या थंडीत बाहेर गारठवणारीही तीच. खिडकीत तिची एक किटली असायची, सदा न् कदा फुसफुसणारी. चाळीस हजार कागद आणि सांभाळायला ती एकटी. माझ्या पुडीकडे ती बघणार तरी कधी?

एका वसंतात सकाळी ताशमात नावाचा अधिकारी आला. नवीन बूट, हातात कागद.

"एजे, एक छोटं काम होतं," तो म्हणाला. मोठ्या बहिणीला तिकडे एजे म्हणतात, आणि काम असलं की जरा जास्तच गोड म्हणतात. "उलार-तोरला दगडाची खाण काढायचीय. तिथे जपण्यासारखी काही वनस्पती आहे का, तेवढं लिहून हवंय."

"जाऊन बघितलंत का?"

"तिथे अजून बर्फ आहे हो! तुमच्या कपाटात बघा ना. कपाटं आहेत कशाला?"

बुरुलने नोंदवही चाळली. उलार-तोरचं बाकी सगळं गळतीत गेलेलं, एकच नोंद उरली होती. दार उघडलं, फोल्डर बाहेर आलं, आणि कित्येक वर्षांनी माझ्यावर उजेड पडला. माझी जात, माझं खोरं, माझ्या सगळ्या बहिणी, सगळ्यांचा निकाल आता या टेबलावर लागणार होता. आणि साक्षीला मी एकटी. तीही तोंड बांधलेली.

"साधी पिवळी ट्युलिप," बुरुलने वाचलं. "बाकी नोंद नाही."

"मग विशेष काही नाही, असं लिहू?"

बुरुलचं बोट माझ्या पुडीवर आलं. तिने पुडी चिमटीत धरून दाबली. आत काहीतरी मऊ लागलं तिला, मला नक्की कळलं. उघड गं बाई, उघड, मी जीव तोडून म्हणत होते. असलेला जीव म्हणजे काय, पण जो काही उरला होता तो तोडून. तिने कडेला नख लावून पाहिलं. गोंद हलला नाही.

"एजे, गाडी खाली उभी आहे," ताशमात म्हणाला.

"कुणी तरी हे उलटं चिकटवलंय," बुरुल पुटपुटली, ‘विशेष काही नाही’ असं लिहून दिलं आणि फोल्डर मिटलं. कपाटाचं दार लागलं. मित्रांनो, माझ्यावर तोवर कितीदा तरी दार लागलं असेल, पण त्या दिवशीचं दार मी विसरणार नाही. आता उलार-तोर खणलं जाणार होतं, आणि ते माझ्या नावावर. माझं नसलेल्या नावावर.

तीन आठवडे गेले. एका दुपारी खोलीत काठीचा आवाज आला आणि पाठोपाठ एका म्हातारीचा खणखणीत स्वर.

"चौदावं कपाट कुठलं?"

"आपा, आधी बसा, चहा घ्या," बुरुलचा आवाज. आपा म्हणजे आईच्या वयाची बाई. "तुम्ही कोण? कुठून आलात?"

"उलार-तोरहून. मी साकिना. चहा नंतर. माझं फूल दाखव."

बावीस वर्षांची ती पोर आता ऐंशी पार करून आली होती. बुरुलने फोल्डर आणलं. साकिनाने डोक्यावरचा पांढरा रुमाल मागे सारला, चष्मा लावला आणि चिठ्ठीवरच्या आपल्याच अक्षराकडे बघत राहिली.

"गावच्या भिंतीवर कागद लावलाय," ती म्हणाली. "उलार-तोरमध्ये विशेष काही नाही. पुरावा, कपाट चौदा, एकसष्टचा नमुना. गोळा करणारी, आणि पुढे माझं नाव. सगळा गाव वाचतोय. शेजारचा म्हातारा मला म्हणतो, आपा, खोरं विकायला दुसरं कुणी सापडलं नाही, तूच लिहून दिलंस होय?"

"तुम्ही मुद्दाम थोडंच लिहिलंत, आपा."

"मला माहीत होतं, पोरी! चूक आहे हे तेव्हाही माहीत होतं. एकदा म्हटलं, दुसऱ्यांदा म्हणवलं नाही. गुरुजी होते ना. मग पुढच्याच वर्षी लग्न झालं, मुलं झाली, मेंढ्या आल्या. वाटायचं, शहरात शहाणी माणसं आहेत, एक ना एक दिवस कुणीतरी पुडी उघडून बघेलच की." ती बुरुलकडे वळली. "उघड ही पुडी."

"आपा, नमुन्याला सुरी लावायला संचालकांची परवानगी लागते. ते परगावी गेलेत, सोमवारी येतील."

"खाणीची सुनावणी शुक्रवारी आहे."

"माझी नोकरी जाईल हो!"

"मी पण गप्पच बसले होते," साकिना म्हणाली. "मीही तेव्हा बरंच काही जाईल म्हणून घाबरले होते. आता बघ काय काय जातंय ते."

खिडकीतली किटली फुसफुसत होती. बुरुलने किटलीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग पुन्हा किटलीकडे.

"सुरी लावायची नाही असा नियम आहे," ती सावकाश म्हणाली. "वाफेबद्दल नियमात काही नाही."

ज्या उकळत्या पाण्याने माझा जीव घेतला होता, त्याचीच वाफ साठ वर्षांनी माझ्या अंगाला लागली. बुरुलने कागद आडवा धरला, पुडीच्या कडेला वाफ येऊ दिली, पुसलं, थांबली, परत धरला. ग्लाफिराचा तो सढळ गोंद आधी चिकट झाला, मग सैल पडला. पाऊण तास लागला. साकिना काठीवर हनुवटी टेकून डोळ्याचं पातं न लववता बघत होती. शेवटी पुडीचं तोंड उघडलं आणि बुरुलने चिमट्याने तपकिरी सालीचा एक तुकडा बाहेर काढून उलटा केला.

लोकर. जशी होती तशी. दाट, पिंगट, मऊ.

"अगं आई गं!" बुरुल म्हणाली.

पण ती पक्की बाई होती. एकीवर विश्वास ठेवीना. तिने फोल्डरमधले उरलेले एकोणचाळीस कागद टेबलावर मांडले आणि भिंग घेऊन एकेकीची साल तपासली. गुळगुळीत, गुळगुळीत, टोकाला चार केस, गुळगुळीत. अठ्ठेचाळीसची म्हातारी तर अगदी टक्कल. सांगत होती ना बिचारी, आपल्यातली नाही म्हणून! दुसरी कपाटंही उघडली, जाडजूड पुस्तकंही काढली. अशी लोकर कुणाचीच नव्हती. संध्याकाळ होत आली तेव्हा बुरुल खुर्चीत मटकन बसली आणि तिने ताशमातला फोन लावला.

"ताशमात, मी लिहून दिलेलं परत घेतेय. उलार-तोरची ट्युलिप साधी नाही. ती दुसरीकडे कुठे असल्याची एकही नोंद नाही."

पलीकडून तो एवढ्याने ओरडला, की मलाही ऐकू आलं. "एजे, चेष्टा करताय का? एका पुडीवर खाण थांबवायची?"

"पुडीवर थांबवू नकोस. पण चुकीच्या चिठ्ठीवर सुरू करणार होतास, त्याचं काय?"

"एक वाळकं फूल आहे ते! ती ट्युलिप आता तिथे उरलीय तरी का?"

बुरुल साकिनाकडे बघायला लागली.

"दरवर्षी बघते मी," साकिना म्हणाली. "पण रस्त्याचं काम तिकडे परवाच सुरू झालंय. चल लवकर."

त्या दोघी दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने गेल्या. आणि मी? मी टेबलावर, काचेखाली. माझ्याच घरी जायला निघालेल्या बायका माझ्यासमोरून गेल्या आणि मला एक पाकळी हलवता आली नाही. मला वाटायचं, कपाटातला अंधार हीच सगळ्यात वाईट कैद. तसं नाही हो. खिडकीतून ऊन दिसतंय आणि आपल्या माणसांचं काय झालं ते कळत नाही, ती खरी कैद. पाच दिवस मी ती भोगली.

बुरुल परत आली ती उन्हाने रापलेली, बुटांना उलार-तोरची माती लागलेली. आल्या आल्या ती माझ्यापाशी आली. वाळक्या फुलाशी बोलायची सवय तिला कधी नव्हती, पण त्या दिवशी बोलली.

"खालचा उतार गेला गं. मशीन आधीच फिरलं होतं. तो पाझरही बुजला. वरच्या टप्प्यावर आहेत अजून, दीडेकशे असतील. फुललेल्या आहेत. ताशमातला हाताला धरून वर नेलं, एकीचा कंद उकरून त्याच्याच हातात साल दिली. लोकर त्याने बोटाने चाचपून बघितली. सुनावणीत माझा नवा कागद त्यानेच वाचून दाखवला."

पाझर बुजला. मी जिथे सात वर्षं जाड झाले, ती माती आता रस्त्याखाली गेली होती. वरचा टप्पा वाचला, तिथे खाण येणार नाही असं ठरलं. आनंद करू की रडू, मला कळेना. साकिनाने तीन आठवडे आधी यायचं, नाहीतर बुरुलने आणखी जरा नख लावायचं, नाहीतर आगायनी दोन मिनिटं नदी विसरायची. यातलं एक जरी झालं असतं तरी पाझर राहिला असता. मला राग येतो, अजून येतो.

मग माझ्या नावाचं काम निघालं. माझी मापं घेतली, चित्रं काढली, लांबलांबच्या संग्रहांना पत्रं गेली. शरद ऋतूत साकिना पुन्हा आली, पिशवीभर वाळवलेल्या दह्याच्या गोळ्या घेऊन. बुरुल म्हणाली, "आपा, या ट्युलिपला तुमचंच नाव देऊ या. रीतच आहे तशी, शोधणाऱ्याचं नाव द्यायची."

"माझं? माझं नाव तिच्या कागदावर एकदा आलंय, तेवढं पुरे झालं!" साकिना म्हणाली. "उलार-तोरचं नाव दे. मी आज आहे, उद्या नाही. पुन्हा कुणी बूट घालून आला आणि विचारलं, उलार-तोरला काय आहे, तर तिच्या नावातच उत्तर असू दे."

तसंच झालं. बुरुलने नवी चिठ्ठी लिहिली आणि कागदावर चिकटवली. जुनी फाडली नाही. या कामात जुनी चिठ्ठी कधी फाडत नाहीत, ती शेजारीच राहू देतात. कोण चुकलं, कधी चुकलं, मग कुणी सुधारलं, सगळं एकाच कागदावर दिसलं पाहिजे. साकिनाने दोन्ही चिठ्ठ्यांवरून बोट फिरवलं आणि मग माझ्या चिरलेल्या कंदावर ठेवलं.

"माफ कर गं," ती म्हणाली. "दुसऱ्यांदा म्हणायला मला फार वेळ लागला."

ती त्या हिवाळ्यात गेली, असं बुरुलने नंतर कुणाला तरी सांगताना मी ऐकलं.

आता मी सुटले असं वाटलं तुम्हाला? छे! ज्या नमुन्यावरून एखाद्या जातीला पहिल्यांदा नाव मिळतं, तो जगात एकच असतो. त्याला लाल काठाचं फोल्डर मिळतं आणि लोखंडी कपाट, त्याला कुलूप, किल्ली एकट्या बुरुलकडे. पूर्वी वर्षातून एकदा तरी दार उघडायचं, आता तेही नाही. बोलायला अठ्ठेचाळीसची म्हातारी नाही. नाव मिळालं आणि कोठडी आणखी पक्की झाली. पण आता उलार-तोरच्या वरच्या टप्प्यावर कुणी फावडं घेऊन गेलं, तर आधी त्याला या कपाटापर्यंत यावं लागतं. मी इथे अडकून आहे म्हणून त्या तिथे मोकळ्या आहेत. हा सौदा मला कुणी विचारून केला नाही, पण विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं.

मित्रांनो, तुमच्याही डोंगरात, तुमच्याही ओढ्याकाठी अशा कितीतरी जणी असतील, ज्यांना कुणीतरी घाईत ‘साधी’ म्हणून टाकलंय. नाव चुकलं की नुसतं नावच चुकत नाही हो, जीव जातात. म्हणून कुणालाही नाव देण्याआधी त्याची पुडी उघडून बघा. आणि चूक दिसली तर एकदा म्हणून गप्प बसू नका, दुसऱ्यांदा म्हणा, समोर कितीही मोठा माणूस असला तरी.

बाकी माझं बरं चाललंय. किडा नाही, गळती नाही, नाव स्वतःचं आहे. फक्त वसंत आला की कसा कोण जाणे, या लोखंडी कपाटातही मला कळतं. मग अजूनही मला पान वर काढावंसं वाटतं.